उंदीर कुणाच्या हाताचा?

चप्पल घेताना आपण काय करतो? पायात घालतो, चार पावलं चालून बघतो, अंगठा टोचतो का ते पाहतो, मगच पैसे काढतो. कॉम्प्युटरचा माऊस मात्र बंद खोक्यातून घेतो. आणि तो तर तासन्‌तास हातात असतो!

सांगलीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा नातू सुट्टीत साताऱ्याला आला, तेव्हा सोबत गेमिंगचा माऊस होता. सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईंना गेमचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी रोज दोन-तीन तास टंकते, आणि सांधे कुरकुरतात. म्हणून आठवडाभर वापरून पाहिला. त्याचं हे प्रगतिपुस्तक.

आधी गुण. याची पाठ चांगली उंच आहे. तळहात तिच्यावर आरामात टेकतो आणि मनगटावरचा भार कमी होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ८६ ग्रॅम. बटण हलकं, जरा स्पर्श केला की काम होतं. अंगठ्यापाशी दोन जादा बटणं आहेत, ती मुलं गेममध्ये वापरतात. मी त्यांनी वाचताना मागच्या पानावर जाते. फारच सोयीचं!

आता खोक्यावरची जाहिरात. लाल-निळे दिवे आणि १२००० डीपीआय. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो किती ठिपके मोजतो, तो आकडा. आपला पडदा बहुधा १९२० ठिपके रुंद असतो. ८०० वर ठेवलं तर सुमारे अडीच इंचांत बाण या टोकाचा त्या टोकाला जातो. १२००० वर इंचाच्या सहाव्या हिश्शात! शिंक आली तरी बाण गायब. म्हणजे हा आकडा बहुतेकांच्या कामाचा नाही. कामाचं माप वेगळंच आहे, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. माझी साडेसहा इंच, नातवाची पावणेआठ. ते माप काही खोक्यावर नव्हतं.

खरा प्रश्न पुढेच आहे. नातवाची धाकटी बहीण डावखुरी. तिने डाव्या हातात धरला तर अंगठ्याची खोबण करंगळीखाली आली. सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण बदलता येतं, पण आकार कसा बदलणार? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "उजव्या हाताची सवय होईल हो." हे वाक्य मी शाळेत जन्मभर ऐकलं. पाटीवर डाव्या हाताने गिरवणाऱ्या कितीतरी पोरांनी त्यापायी छड्या खाल्ल्या. माझ्या वर्गात मी त्यांना डाव्यानेच लिहू दिलं, आणि अक्षर कुणाचं बिघडलं नाही.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली अमेरिकेत पहिला माऊस झाला, तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाकं, वर एक बटण. पुढे चाकं गेली, चेंडू आला, तोही गेला, आता खाली प्रकाश आहे. इतकं सगळं सुधारलं, मग डाव्या हाताची पाळी का येऊ नये? सांगलीजवळच्या मिरजेत बघा. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाईच्या पट्टीचा तानपुरा लहान, पुरुषाच्या पट्टीचा मोठा. आधी गळा, मग भोपळा. गाणाऱ्याने तानपुऱ्यासाठी गळा बदलावा, असं तिथे कुणी म्हणत नाही.

तेव्हा मंडळी, माऊस घ्यायला जाल तेव्हा खोकं उघडायला सांगा, लाजू नका. ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच सोबत न्या. हात पूर्ण टेकवून पाच मिनिटं फिरवू द्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान आहेच.

नातीसाठी शेवटी दोन्ही बाजूंनी सारखा, साधा माऊस आणला. दिवे नाहीत, अंगठ्याची बटणं नाहीत. दादाच्या माऊसला आहेत आणि आपल्याला का नाहीत, असं ती विचारते. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं.