निर्णय सिस्टरच्याही हाती हवा

१९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्वर यांनी नवा अभ्यासक्रम सुरू केला. परिचारिकेनेच मूल तपासावे, निदान करावे, नेहमीच्या आजारांवर औषध द्यावे, हा त्याचा गाभा. डॉक्टर पुरत नव्हते, म्हणून ही वाट निघाली.

आपल्याकडे बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने याहून धाडसाचे पाऊल टाकले, तेही १९८२पर्यंत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच असलेल्या गडचिरोलीत. ज्यांना मोठी मोजणी येत नाही अशा सुईणींसाठी मण्यांची पाटी बनवली. बाळाच्या दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. सोबतच्या वाळूच्या घड्याळातली रेती संपण्याआधी लाल मण्यापर्यंत हात गेला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बाया घरोघरी नवजात बाळे तपासू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. नवजात मृत्यू हजारी ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते २५च्या आसपास आले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. २०११मध्ये केंद्राने गावोगावच्या आशा सेविकांमार्फत घरी नवजात तपासणी देशभर नेली, पण इंजेक्शन त्यांच्या हाती दिले नाही. एएनएम परिचारिकांना ठरावीक परिस्थितीत त्याची मुभा मिळायला २०१४ उजाडले.

आणि रुग्णालयातली सिस्टर? बल्लारपूरसारख्या पेपर मिल आणि कोळसा खाणींच्या गावात रात्रपाळीला बाळाची छाती आत ओढली जातेय हे सहसा आधी तिच्याच लक्षात येते. तिने शिक्षण घेतलेय, अनुभव आहे. तरी औषधासाठी डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट पाहायची. हा तिच्यावर अन्याय आहेच, त्याहून तो बाळावर आहे.

धोका नाही का? आहे. गडचिरोलीत तो काटेकोर प्रशिक्षण, प्रत्येक बाळाची लेखी नोंद आणि गावात येऊन ती पडताळणारे डॉक्टर यांच्या जोरावर आवरला गेला. तीच शिस्त सिस्टरसाठी लावावी. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाल-परिचर्येचा असा अभ्यासक्रम सुरू करावा, कोणती औषधे ती स्वतः देऊ शकेल त्याची यादी शासनाने कायद्याने ठरवावी, आणि पहिल्या नेमणुका बल्लारपूर, राजुरा, अहेरी इथे व्हाव्यात.