चिंपांझींचे बोलणे आणि आपले ऐकणे

आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर ती चित्रफीत केव्हा ना केव्हा आलेली असते. रंगीत सदरा घातलेला चिंपांझीचा बछडा, भोवती माणसांचा घोळका आणि वरखालचे सगळे दात दाखवणारे त्याचे 'हसू'. आपण क्षणभर हसतो आणि ती आणखी चौघांना पाठवून देतो. जाहिरातींत आणि भेटकार्डांवरही हाच चेहरा झळकत आला आहे. परंतु ओठ मागे ओढून दोन्ही ओळींचे दात उघडे टाकणे ही चिंपांझींमध्ये बहुधा भीतीची खूण असते. खेळताना तो खरोखर हसतो तेव्हा त्याचे तोंड सैलसर उघडे असते, वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात आणि धापा टाकल्यासारखा आवाज येतो. म्हणजे तो भ्यालो म्हणून सांगत असतो आणि आपण टाळ्या वाजवत असतो.

शाळेच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. मुलांना बोलायला आणि लिहायला शिकवण्याची आपण पराकाष्ठा करतो. दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे शिक्षण मात्र मागे राहते. ते किती मागे राहिले आहे, हे चिंपांझी आणि माणूस यांच्या संबंधाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१९६० मध्ये जेन गुडाल टांझानियातील गोंबे येथील जंगलात गेल्या. चिंपांझी एकमेकांना मिठी मारतात, चुंबन घेतात, धाकटा भेदरून हात पुढे करतो आणि थोरला त्या हाताला स्पर्श करून त्याला धीर देतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे बसून टिपले. दाट रानात एकमेक दिसेनासे झाले की चिंपांझी चढत्या स्वरात हुंकार देतात आणि झाडांच्या रुंद मुळांवर हातापायांनी थाप मारतात. प्रत्येकाच्या हुंकाराची धाटणी निराळी असते.

युगांडातील बुडोंगो जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपांझींच्या हातवाऱ्यांची हजारो उदाहरणे तपासली. २०१४ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार ६६ प्रकारच्या हावभावांतून किमान १९ वेगवेगळे अर्थ व्यक्त होतात. आई पिलाकडे तळपाय वळवते, तेव्हा 'चल, पाठीवर बस' असे ती सांगत असते. याच जंगलात संशोधकांनी वाटेवर विषारी सापाची प्रतिकृती ठेवून पाहिली. ज्या सोबत्यांना सापाची खबर नव्हती, ते जवळ असताना पाहणाऱ्यांनी धोक्याचा आवाज अधिक वेळा दिला. आपल्याला कळले ते न कळलेल्याला सांगावे, ही विद्यादानाची मूळ प्रेरणा तेथेही अंकुररूपाने असावी, असे आम्हांला वाटते.

माणसाने मात्र प्रथम त्यांची बोली शिकण्यापेक्षा आपली बोली त्यांना शिकवण्याचा ध्यास घेतला. अमेरिकेत हेज दांपत्याने विकी नावाच्या चिंपांझीला पोटच्या मुलीसारखे वाढवले. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर ती जेमतेम चार इंग्रजी शब्द पुटपुटू शकली. उणीव होती ती आवाजावरील ताब्याची. हे ओळखून ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर यांनी १९६६ मध्ये वॉशू या चिंपांझीला मूकबधिरांची खुणांची भाषा शिकवायला आरंभ केला. चार-पाच वर्षांत ती सुमारे १३० खुणा वापरू लागली. पुढे लूलिस हे पिलू तिच्या पदरी आले. त्याच्यासमोर माणसांनी मोजक्या खुणांपलीकडे हातवारे करायचे नाहीत असा नियम होता; तरीही वॉशूकडे पाहून तो अनेक खुणा शिकला.

या प्रयोगांवरचा आक्षेपही तितकाच सांगितला पाहिजे. हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीला खुणा शिकवल्या आणि मग चित्रीकरण बारकाईने पाहिले. निम बहुतांशी शिक्षकाच्या नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल करतो, त्याची वाक्ये ही खरी वाक्ये नव्हेत, असे त्यांनी १९७९ मध्ये जाहीर केले. हा आक्षेप आम्हांला बव्हंशी ग्राह्य वाटतो. चिंपांझीला माणसाचे व्याकरण येत नाही. पण त्यावरून त्याला सांगण्यासारखे काहीच नाही, असे ठरत नाही. एखाद्याला आपली भाषा येत नाही म्हणून तो मुका ठरवणे हा न्याय नव्हे.

खरी लाज वाटावी ती पुढच्या गोष्टीची. माणसांच्या घरात, माणसांच्या मांडीवर वाढलेला निम प्रयोग संपल्यावर परत पाठवला गेला आणि १९८२ मध्ये एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जाऊन पडला. लोकांनी आवाज उठवला तेव्हा त्याची सुटका झाली. टेक्सासमधील प्राण्यांच्या आश्रयस्थानी तो २००० मध्ये मरण पावला. ज्याला आपण बोलायला शिकवले, त्याचे ऐकण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. ती झटकणे म्हणजे विश्वासघात होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिंपांझींवरील वैद्यकीय संशोधनाला दिलेला आधार पूर्णपणे काढून घेण्याचे ठरवले, ते थेट २०१५ मध्ये.

गोंबे आणि बुडोंगो आपल्यापासून फार दूर आहेत. पण ती चित्रफीत आपल्या हातातच आहे. आपल्या पसंतीवर आणि आपण ती पुढे पाठवण्यावरच तिचा बाजार चालतो. पिलू मिळवण्यासाठी जंगलात त्याच्या आईला, बहुधा तिला वाचवू पाहणाऱ्या इतरांनाही मारावे लागते. म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती आहे : कपडे घातलेल्या, दात विचकणाऱ्या चिंपांझीची चित्रफीत आली तर ती तेथेच थांबवा आणि शेजारी बसलेल्या मुलाला ते हसू का नव्हे, हे समजावून सांगा.

प्राणिमात्रांविषयी मैत्री बाळगावी, हे आपल्या मुलांना पाठ असते. परंतु ज्याच्याशी मैत्री करायची, त्याचे भय आणि त्याचे हसू यांतला फरक ओळखता येत नसेल, तर ती मैत्री ओठांवरच राहते. तो फरक शिकवण्याचे काम शाळेचे आहे आणि घराचेही.