विकायच्या घराचा ओटा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न अधूनमधून असतो. घर विकायचे आहे, स्वयंपाकघर जुने झाले आहे. विकण्याआधी ते नवे करून घ्यावे की आहे तसेच दाखवावे? आजवर आम्ही या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देत आलो. मागच्या वर्षी तोच प्रश्न आमच्या घरात आला, आणि दोन ओळी पुरत नाहीत हे कळले. म्हणून या वेळी आमच्याच घरातली गोष्ट लिहितो.

नंदुरबारच्या जुन्या भागात आमच्या मरहूम अब्बांचे घर. खाली तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, वर गच्ची. अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली. अम्मीही मागच्या हिवाळ्यात अल्लाहला प्यारी झाली. धाकटे भाऊ सुरतेत स्थायिक झालेले, आपा शहाद्याला, आणि आम्ही दोघे त्या मोठ्या घरात. आपाच्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला, फीचा प्रश्न उभा राहिला, आणि तिघा भावंडांनी बसून ठरवले की घर विकू या.

हिश्शांबद्दल वाद नव्हता. सूरह निसाच्या ११ व्या आयतीत सांगितल्याप्रमाणे मुलाचे दोन, मुलीचा एक. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे एकूण पाच हिस्से. वाद झाला तो स्वयंपाकघरावरून.

ते स्वयंपाकघर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. काळ्या कडाप्प्याचा बुटका ओटा, त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. धुराने काळवंडलेले छत, भिंतीतले फडताळ, खाली पाटा-वरवंटा. हिवाळ्यात मिरची बाजारात आली की वर्षाचे तिखट इथेच भरले जायचे, आणि तो खाट भिंतींत असा मुरलेला की पाहुणा उंबऱ्यातच शिंकायचा.

धाकटे भाऊ ईदला आले, तेव्हा त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. "भाईजान, सुरतेत फ्लॅट विकायचा असला की लोक आधी किचन करून घेतात. ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, चिमणी, छतापर्यंत टाइल्स. गिऱ्हाईक आत येतं आणि तिथंच हो म्हणतं." आम्हालाही ते पटले. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी मोजमाप करून सांगितले, दोन लाख चाळीस हजार रुपये आणि दीड ते दोन महिने.

आपाला फोन केला. पाच हिस्से, म्हणजे तिच्या वाट्याला अठ्ठेचाळीस हजार. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अठ्ठेचाळीस हजार माझ्याकडे असते तर घर विकायची घाई मी केली असती का?" आणि फोन ठेवण्याआधी आणखी एक वाक्य म्हणाली. "अम्मीचे गुडघे गेले, कंबर गेली. ओटा चार बोटं उंच करून द्या म्हणून किती वर्षं सांगत होती. तेव्हा पैसे नव्हते. आता परक्यांसाठी निघाले का?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मी खरेच सांगत होती. आम्ही दर वर्षी म्हणत होतो, रमजान जाऊ दे मग करू.

तरीही विचार सोडला नाही. धाकटे भाऊ म्हणाले, आपाचा वाटा मी घालतो, विक्रीनंतर वळते करून घेऊ. काम सुरू करायचे ठरले. मिस्त्रींनी ओट्यामागची भिंत हातोडीने ठोकून पाहिली, आणि गिलाव्याचा पोपडा खाली आला. आत विटा ओल्या. गच्चीवरच्या टाकीतून मोरीकडे येणारा पाइप भिंतीतच गळत होता, कधीपासून ते अल्लाह जाणे. मिस्त्री अनुभवी माणूस. म्हणाले, "काळजी करू नका. टाइल्स बसल्या की काही दिसत नाही. तीन-चार वर्षं तर आरामात निघतात."

वाचकहो, खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हाला बरे वाटले. दोन लाख चाळीस हजारांत नवा ओटाही होणार आणि ओलही झाकली जाणार. रात्री झोपताना मात्र ते बरे वाटणे टिकले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना ती हदीस माहीत आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली. बाजारात धान्याची रास होती. प्रेषितांनी (स.) तिच्यात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसात भिजले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. मदरशात असताना ही हदीस आम्ही पाठ केली होती. धान्याच्या जागी भिंत आणि वरच्या कोरड्या थराच्या जागी टाइल्स ठेवल्या की ती आपल्याच घराची होते, हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवले.

देशाचा कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले ५५ वे कलम असे आहे की घरातला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, खरेदीदाराला ठाऊक नसेल आणि साधारण काळजीने पाहूनही त्याच्या लक्षात येण्यासारखा नसेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. भिंतीतला गळका पाइप याहून वेगळा काय असतो?

सकाळी धाकट्या भावाला फोन केला. ते नाराज झाले. मग आम्ही तिघांनी मिळून एक यादी केली. जे मोडले आहे ते दुरुस्त करायचे, जे जुने आहे ते जुनेच ठेवायचे. गळका पाइप काढून नवा बाहेरून नेला. मोरीचा उतार नीट केला. भिंत खरवडून नवा गिलावा केला, छताला आणि भिंतींना रंग दिला, नळ बदलला, उघड्या वायरी पट्टीत घातल्या. कडाप्पा घासून धुतला. सगळे मिळून चौतीस हजार. आपाचे सहा हजार आठशे, आम्हा भावांचे प्रत्येकी तेरा हजार सहाशे. वहीत लिहिले आणि तिघांनी सह्या केल्या. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. भाऊ-बहिणीत कसले लिहायचे, असे आपण म्हणतो आणि पुढे तिथेच मने तुटतात.

वारसांच्या सामाईक घरावर एकाने बाकीच्यांना न विचारता खर्च केला, तर तो हक्काने परत मागणे कठीण जाते, असे आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनीही सांगितले. म्हणून आधी सर्वांची संमती, मग खर्च. बहिणीची संमती ही भावाच्या संमतीइतकीच.

मिस्त्रींनी बजावले होते की विटांतली ओल लगेच जात नाही, पावसाळ्यात डाग पुन्हा उमटू शकतो. आम्ही घर पाहायला येणाऱ्याला ती भिंत आधी दाखवू लागलो. पहिले गिऱ्हाईक चांगले होते, बोलणे जवळजवळ पक्के झाले होते. भिंतीचे ऐकले आणि दोन दिवसांनी नको म्हणून निरोप आला. धाकट्या भावाचा फोन आला, "भाईजान, सांगायची काय गरज होती?" पुढचे पाच आठवडे कुणी फिरकले नाही. इकडे फीची तारीख आली. आम्ही आमच्या बचतीतून आपाला रक्कम दिली, तीही वहीत लिहिली. त्या पाच आठवड्यांत आपण चुकलो तर नाही ना, असे अनेकदा वाटले. हे लपवत नाही.

मग तळोद्याकडचे एक कुटुंब आले. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बाकीची खोली न खोली घाईने पाहिली आणि स्वयंपाकघरात अर्धा तास थांबल्या. पाणी किती वेळ येते, मोरीचे पाणी कुठे जाते, खिडकी कोणत्या बाजूला, गच्चीवर वाळवण घालता येते का. भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. आणि यजमानांना म्हणाल्या, "ओटा इकडून काढून खिडकीखाली घेऊ. सासूबाई खाली बसून भाकरी करतात, त्यांना इथं जागा राहील." म्हणजे आम्ही दोन लाख चाळीस हजारांचा ओटा केला असता, तरी तो त्यांनी तोडलाच असता. भिंतीपोटी त्यांनी पंचवीस हजार कमी करून घेतले. ते योग्यच होते.

नवा ओटा केला असता तर पहिल्या गिऱ्हाइकाकडून जास्त रक्कम आली असती का? कदाचित आली असती. धाकटे भाऊ सुरतेबद्दल जे सांगत होते तेही खोटे नाही. एकाच इमारतीत एकसारखे दहा फ्लॅट असले की स्वयंपाकघरानेच फरक पडतो. आमच्याकडे जुन्या मोहल्ल्यातले घर घेणारा जागा पाहतो, रस्ता, पाणी, शेजार आणि कागद पाहतो. ओट्याचा नंबर त्यानंतर. अमेरिकेत घरदुरुस्तीचा खर्च विक्रीत किती वसूल होतो याचा एक अहवाल दर वर्षी निघतो. २०२४ च्या अहवालातही स्वयंपाकघरातल्या किरकोळ बदलाचा खर्च बहुतांश वसूल होतो, तर आलिशान स्वयंपाकघराचा निम्माही होत नाही, असेच दिसले. तिकडची घरे वेगळी, बाजार वेगळा, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण आमचा खरा वेळ तिथेच गेला. मालमत्ता पत्रकावर अजून अब्बांचेच नाव होते. वारस नोंद, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, सर्व वारसांच्या सह्या, यातले एक जरी राहिले तरी खरेदीखत अडते. ज्यांचे घर अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातल्या गावांत आहे, त्यांनी जमीन मुळात कुणाची हे नीट पाहावे. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीला घेता येत नाही. आयकराचेही विचारून घ्यावे. घरात केलेल्या खऱ्या सुधारणेचा खर्च नफा काढताना वजा मिळू शकतो, पण पावती हवी. साध्या डागडुजीचा आणि रंगाचा तसा मिळत नाही. विक्रीनंतर प्रत्येक वारसाचा हिशेब त्याच्या हिश्शापुरता होतो, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे. पाणी गळत असेल, मोरी तुंबत असेल, वायरी उघड्या असतील तर विकण्याआधी जरूर दुरुस्त करा. स्वच्छ करा, रंग द्या. जो दोष पुरता गेला नाही, तो तोंडाने सांगा. फ्लॅट असेल आणि आसपासच्या सगळ्यांचे नवे असेल, तर थोडा जास्त खर्च करायला हरकत नाही, पण आधी सर्व हिस्सेदारांना विचारा. आणि अजून दोन-चार वर्षे त्याच घरात राहायचे असेल, तर विक्रीचा विचार न करता आजच करा. घरात जी बाई त्या ओट्यापाशी उभी राहते, तिच्यासाठी करा.

आता आम्ही स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या घरात आलो आहोत. इथला ओटा आधीच उंच आहे. मागच्या आठवड्यात आपा आली होती. तिने चहा ठेवला, ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मीला एवढाच हवा होता."

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आपल्याकडे कुणी असे काही मागत असेल, तर रमजानपर्यंत थांबू नका.