वादळानंतरची चाळीस वर्षं



अमेरिकेत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला एक चाल ऐकल्याबरोबर ओळखता येते. फायरमनची किंवा पोलिसाची अंत्ययात्रा असली की बॅगपाइपवर वाजते तीच. 'अमेझिंग ग्रेस'. २६ जून २०१५ ला चार्ल्स्टनमध्ये ओबामा भाषण करता करता थांबले आणि त्यांनी हेच गाणं म्हणायला सुरुवात केली. चर्चमध्ये शिरून एका तरुणाने नऊ जणांना गोळ्या घातल्या होत्या, त्यातल्या पाद्री क्लेमेंटा पिंकनी यांचा तो अंत्यविधी. मी घरी सोफ्यावर बसून ते बघत होतो. मी ना ख्रिस्ती, ना फारसा देवाधर्माचा, पण त्या वेळी अंगावर काटा आला होता हे खरं.

या गाण्यामागची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना फॉरवर्डमधून कधी ना कधी आलेली असेल. गुलामांच्या जहाजाचा कप्तान, समुद्रात वादळ, मरणाच्या दारात देव भेटला, कप्तानाने तिथल्या तिथे जहाज मागे वळवलं आणि सगळे गुलाम सोडून दिले. गोष्ट छानच आहे. पण शेवटचं वाक्य साफ खोटं आहे, आणि मला वाटतं खरी गोष्ट त्या खोट्यापेक्षा कितीतरी जास्त विचार करायला लावणारी आहे.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनचा. बाप जहाजावर कप्तान. आई हा सात वर्षांचा व्हायच्या आतच गेली. पोरगा वाया गेलेला म्हणावा असाच. १७४४ मध्ये त्याला जबरदस्तीने आरमारात भरती केलं, तिथून पळून जायचा प्रयत्न केला म्हणून सर्वांसमोर फटके पडले. पुढे तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राहिला. त्या व्यापाऱ्याच्या बायकोने त्याला जवळजवळ गुलामासारखंच, उपाशीतापाशी ठेवलं. शेवटी बापाच्या ओळखीच्या माणसाने त्याला सोडवून 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजावर घेतलं. या जहाजावर गुलाम नव्हते बरं का. हस्तिदंत, मेण, लाकूड असा माल होता आणि न्यूटन प्रवासी होता.

१० मार्च १७४८ च्या रात्री (आजच्या कॅलेंडरप्रमाणे २१ मार्च) उत्तर अटलांटिकमध्ये वादळाने जहाज फोडलं. न्यूटन धावत डेकवर निघाला होता, तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला परत पाठवलं. त्याच्याऐवजी दुसरा माणूस वर गेला आणि लाटेने ओढून नेला. मग तासन् तास पंप मारणं, नंतर सुकाणूवर उभं राहणं. या धांदलीत त्याच्या तोंडून सहज देवाच्या दयेचा शब्द निघाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण तोपर्यंत देवाची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा जहाजावर कोणी नव्हता. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं, म्हणून जहाज कसंबसं तरंगत राहिलं. (मेणामुळे वाचला की देवामुळे, हा वाद मी तरी घालणार नाही. न्यूटनने दोन्ही लिहून ठेवलंय.) चार आठवड्यांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. तो दिवस न्यूटन आयुष्यभर पाळत राहिला.

आता पुढचा भाग, जो फॉरवर्डमध्ये नसतो.

देव भेटलेला हा माणूस त्याच वर्षी परत आफ्रिकेला गेला, या वेळी गुलाम आणणाऱ्या जहाजाचा अधिकारी म्हणून. १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः कप्तान होऊन तीन फेऱ्या करून आला. रविवारी तो खलाशांना जमवून प्रार्थना घ्यायचा. बायको मेरीला प्रेमाची, भक्तीने भरलेली पत्रं लिहायचा. आणि खाली तळघरात माणसं साखळदंडात. १७५२ च्या त्याच्या जहाजाच्या रोजनिशीत नोंद आहे की बंडाचा कट उघडकीला आल्यावर गुलाम मुलांकडून कबुली घेण्यासाठी त्यांचे अंगठे पेचात दाबले. हाताने लिहिलेली, सरळ, कोरडी नोंद. आपण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितो तशी.

त्याने हा धंदा सोडला तोसुद्धा मन बदललं म्हणून नाही. १७५४ मध्ये त्याला एकाएकी झटका आला आणि डॉक्टरांनी समुद्रावर जाऊ नको म्हणून सांगितलं. मग लिव्हरपूलला जकातीची नोकरी, घरबसल्या ग्रीक-हिब्रू शिकणं, १७६४ मध्ये ओल्नी गावात पाद्री. गाणं लिहिलं ते १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रार्थनेसाठी. आज आपण ऐकतो ती चाल तर त्याला माहीतच नव्हती, ती अमेरिकेत १८३५ मध्ये या शब्दांना चिकटली.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे तोंड उघडलं १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी! पण उघडलं ते असं की त्यात स्वतःला कुठेच वाचवलं नाही. आपल्या पुस्तिकेत त्याने जहाजात माणसं फळीवर पुस्तकांसारखी कशी कोंबली जायची, बायकांचं काय व्हायचं, हे एका कप्तानालाच माहीत असणार अशा तपशिलाने लिहिलं, आणि या धंद्यात आपलाही हात होता ही लाज कायम राहील असंही लिहिलं. नंतर सरकारी चौकशीपुढे साक्ष दिली. त्याआधी डिसेंबर १७८५ मध्ये विल्बरफोर्स नावाचा तरुण खासदार लपूनछपून त्याला भेटायला आला होता. त्यालाही नुकतीच देवाची ओढ लागली होती, राजकारण सोडावं का असा प्रश्न होता. न्यूटनने त्याला पार्लमेंटमध्येच राहायला सांगितलं. पुढची वीस वर्षं विल्बरफोर्स त्या एका कायद्याच्या मागे लागून राहिला. २५ मार्च १८०७ ला ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन वारला. बंदी बघून गेला म्हणायचा.

मला यातली अस्वस्थ करणारी गोष्ट ही की न्यूटनची १७४८ ची भेट खोटी होती असं म्हणता येत नाही. तो स्वतः नंतर म्हणाला की त्या वेळी आपण खऱ्या अर्थाने श्रद्धावान नव्हतो, पण सुरुवात तिथेच झाली. शिव्या सुटल्या, दारू सुटली, बायबल हातात आलं. फक्त समोर साखळदंडात बसलेला माणूस दिसला नाही. कारण आजूबाजूच्या कोणालाच तो दिसत नव्हता. देव भेटला तरी समाजाने डोळ्यांवर घातलेली झापडं एका रात्रीत गळून पडत नाहीत.

ख्रिस्ती परंपरेत याची जाण पहिल्यापासून आहे, असं वाचताना लक्षात येतं. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर तो यरुशलेमला गेला तेव्हा तिथल्या शिष्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, उलट ते घाबरले, हे कमी जणांना आठवतं. कालपर्यंत आपल्याला धरायला येणारा माणूस आज म्हणतो मला प्रभू भेटला! बर्णबाने मध्ये पडून हमी घेतली तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. मला हा बर्णबा फार आवडतो. प्रकाश बघणाऱ्यापेक्षा, बघितलाय असं म्हणणाऱ्याबरोबर उभं राहणाऱ्याचं काम अवघड.

(अवांतर: मराठी ख्रिस्ती लोक स्वतःच्या अशा अनुभवकथनाला 'साक्ष देणं' म्हणतात. आपण संतांच्या बाबतीत 'साक्षात्कार' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच घरचे, डोळ्यावरून आलेले. तुकोबांना स्वप्नात गुरू भेटले हे आपण सहज मान्य करतो, आणि शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस मला येशू भेटला म्हणाला की आपल्याला कॉफी आणायला जायची आठवण होते.)

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला, आणि तिकडच्या मिशनरी बायकांशी त्या धर्मतत्त्वांवरून वाद घालत राहिल्या ते वेगळंच. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात त्याचा अर्थ असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला. म्हणजे न्यूटनच्या उलट क्रम. संस्कृत शास्त्रांवर पंडितांना निरुत्तर करणारी बाई, तिने डोक्याने आधी स्वीकारलं, मन मागून आलं.

त्याचं पुढे काय झालं हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला उतरलं की बघायला मिळतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकाच चालवायच्या. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणायचं कामही त्यांनी शेवटपर्यंत केलं. त्याची किंमतही पडलीच. शारदा सदनातल्या मुली धर्माकडे ओढल्या जातात यावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. विश्वासाने आपली मुलगी तुमच्याकडे ठेवणाऱ्या आईबापांना काही विचारायचा हक्क असतोच. पण त्या दुष्काळात मुली कोणी आणल्या, हाही प्रश्न विचारायलाच हवा.

हे सगळं मी आत्ताच का उकरून काढलं? तर आमचा एक मित्र. चिंचवडचा, डेटाबेसमधला, आमच्याच कंपूतला. मे २०२१ मध्ये त्याचे बाबा तिकडे कोविडने गेले. व्हिसाच्या भानगडीत आणि प्रवासबंदीत याला जाता आलं नाही. अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर. समोरच्या घरातलं म्हातारं जोडपं रोज संध्याकाळी दाराशी जेवण ठेवून जायचं, बेल न वाजवता. ते चर्चवाले. काही महिन्यांनी एका रात्री ऑफिसच्या पार्किंगमध्ये हा गाडीत बसून रडत होता, तेव्हा त्याला शेजारच्या सीटवर कोणीतरी असल्याचं जाणवलं. एवढंच. प्रकाश नाही, आवाज नाही. तो म्हणतो, "कोण ते मला लगेच कळलं." २०२३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला.

मला तो अनुभव तपासता येत नाही. झोप नाही, दुःख, अपराधीपणा, मेंदू काहीही करू शकतो, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, असेल. पण नंतरचं मी बघतोय. चिंचवडच्या फ्लॅटवरून धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला होता. याने फोन केला आणि आपला हिस्सा सोडून दिला. ऑन-कॉलवर ज्युनिअर पोरांना रडवणारा हा, आता रात्री दोनला सुद्धा नीट बोलतो. हे बदल खरे आहेत. आणि सुरुवातीला घरी गेल्यावर आईच्या हातातलं आरतीचं तबक त्याने घेतलं नाही, त्या माउलीचा चेहरा उतरला, हेही तितकंच खरं. इथल्या मंडळाने गणपतीच्या यादीतून त्याचं नाव काढलं. कोणी काढलं हे कोणीच सांगत नाही.

काकूंचा मला फोन येतो. "तू तरी समजाव त्याला" हे पहिलं वर्षभर. मग एकदा हळूच, "माझं श्राद्ध करणार नाही का रे तो?" याला काय उत्तर देणार? मी विचारलं, काकू, 'स्मृतिचित्रे' वाचलंय का? म्हणाल्या, शाळेत धडा होता. मग पुण्याहून पुस्तक पाठवायची व्यवस्था केली. त्यात नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा माणूस भेटतो, बायबल देतो, आणि १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती होतात. टिळकांना देव भेटला, पण पुस्तक लिहिलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांचा संसार त्या भेटीने उधळला होता. सोवळंओवळं, माहेरची माणसं, एकटेपण, पाण्याचा पेला कोणाच्या हातचा प्यायचा इथपर्यंत सगळं. आणि तरीही पानोपानी हसवतात. माझ्या माहितीत देवाच्या भेटीचा हिशोब इतक्या प्रामाणिकपणे घरातल्या दुसऱ्या माणसाने कोणी लिहिलेला नाही.

काकूंनी दोनदा वाचलं. मग फोनवर म्हणाल्या, "लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली नवऱ्याच्या वाटेला यायला. मी काही त्या पाण्यात उतरणार नाही, सांग त्याला. पण मलाही पाच वर्षं द्या म्हणावं."

येत्या मे महिन्यात त्या इकडे येताहेत. मुलाने सांगितलंय, रविवारी तू घरी थांब, मी जाऊन येतो. परवा मला विचारत होत्या, त्यांच्या त्या चर्चमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात का.