शत्रूचा शत्रू आणि आपल्या टाळ्या

मंडळी, आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपात एक वाक्य हल्ली फार ऐकते. 'तालिबान पाकिस्तानला बरा धडा शिकवतंय!' की लगेच टाळ्या. मला नाही वाजवता येत.

१५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचं सोव्हिएत सैन्य अमू दर्या ओलांडून परत गेलं. जग 'सुटलो बाई' म्हणून मोकळं झालं. पुढे भोगलं कोणी? डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान कंदाहारला जाऊन उभं राहिलं. भोवती पहारा याच तालिबानचा. मसूद अझहरसह तिघांना सोडलं तेव्हा आपली माणसं परत आली, एक प्रवासी तर आलाच नाही. इतक्यात विसरलो?

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा टाळ्या पलीकडे वाजत होत्या. इम्रान खान म्हणाले, अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या. त्यांचे गुप्तहेरप्रमुख काबूलच्या हॉटेलात चहाचा कप घेऊन 'सगळं ठीक होईल' सांगत होते. झालं ना ठीक! जानेवारी २०२३ मध्ये पेशावरच्या पोलीस वसाहतीतल्या मशिदीत स्फोट, ऑक्टोबर २०२५ मध्ये सीमेवर दोन्ही सैन्यांची लढाई. ज्या विस्तवावर त्यांनी पोळी भाजली त्याने त्यांचेच हात पोळले, आणि आता आपण तवा घेऊन रांगेत?

बोलू नका असं मी म्हणत नाही. शेजार निवडता येत नाही. सलमा धरण, झारंज-देलाराम रस्ता, काबूलची संसद, एवढं बांधून पाठ फिरवणं वेडेपणाच. दूतावास उघडा, औषधं पाठवा. पण १० ऑक्टोबर २०२५ ला मुत्तकींच्या दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत एकही बाई नव्हती, आपल्या राजधानीत! ओरड झाल्यावर दोन दिवसांनी त्यांनी बायकांना बोलावलं. म्हणजे ओरडलं की फरक पडतो. (आमच्या ग्रुपातल्या पुरुषांना यात बातमीच दिसली नाही, असो.)

मी सातवी ते दहावीच्या मुलींना जन्मभर शिकवलं. तिथे सहावीपुढे मुलींची शाळा २०२१ पासून बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही. हा 'बायकांचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवतात. अहो, निम्मी पिढी घरात कोंडलेली आणि उरलेली मदरशात. हिच्याशीच उद्या आपल्या नातवंडांना बोलणी करायची आहेत. सुरक्षा आणखी कशाला म्हणतात?

आणि आपण काय केलं? ऑगस्ट २०२१ मध्ये देशाबाहेरच्या अफगाणांचे जुने व्हिसा रद्द केले. सुट्टीला घरी गेलेले, इथे शिकणारे विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यात मुलीही होत्या. मुत्तकींसाठी गालिचा घालताना या मुलींच्या शिष्यवृत्तीचं काय, एवढं एक तरी दिल्लीत कोणी विचारावं.