शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य आणि जनुकातील एक अक्षर

यकृत हे पुन्हा वाढणारे इंद्रिय असल्याने कर्करोगाच्या गाठीसह त्याचा मोठा हिस्सा काढला तरी उरलेला भाग शरीराचे काम सांभाळू शकतो. मात्र हा कर्करोग निरोगी यकृतात सहसा होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंचा वर्षानुवर्षांचा संसर्ग, दारू आणि अलीकडे मधुमेह व स्थूलतेच्या जोडीने यकृतात साचणारी चरबी यांमुळे ते बहुधा आधीच व्रणांनी निबर झालेले असते, ज्या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. त्यामुळे शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही दोन धोके उरतात: गाठ पुन्हा उद्भवणे, जे पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत घडते, आणि उरलेले यकृतच निकामी होऊन पोटात पाणी होणे.

जनुकांमधील फरकांचा विचार करताना दोन गोष्टींची गल्लत होते. काही बदल गाठीच्या पेशींतच घडतात. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात किंवा मक्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष टीपी-५३ या जनुकाच्या २४९ व्या स्थानी आपली खूण ठेवते, ती अशीच. दुसरे फरक आईवडिलांकडून आलेले आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात. पीएनपीएलए-३ या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाच्या १४८ व्या जागेवरील घटक बदलतो, ते प्रथिन चरबीच्या थेंबांवर साचून राहते, चरबीचे विघटन अडते आणि यकृत सिरोसिसकडे व कर्करोगाकडे अधिक झुकते, हे २००८ पासूनच्या संशोधनातून उलगडत गेले. असे फरक शस्त्रक्रियेनंतर कोण किती जगतो यावरही परिणाम करतात का, हे तपासणारे पुष्कळसे काम चीनमधील हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवर झालेले आहे, आणि एका समाजात दिसलेला संबंध दुसऱ्यात अनेकदा टिकत नाही. ते निष्कर्ष वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या रुग्णाला जसेच्या तसे लावून त्याला आयुर्मान सांगणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकीय आराखडे वाचले, ही मोलाची कामगिरी आहे. परंतु त्यातील माणसे निरोगी होती, म्हणून एखादे अक्षर किती जणांत आढळते एवढेच त्यातून कळते, ते शस्त्रक्रियेनंतर काय करते हे कळत नाही.

ते कळायला वर्षानुवर्षे माग ठेवावा लागतो, आणि इथे वर्धा जिल्ह्याचे स्थान वेगळे आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २०१० पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते. रुग्णालयाची नोंद दारात आलेल्यांपुरती असते. ही नोंदणी मात्र सुमारे १३ लाख वस्तीच्या आठही तालुक्यांसाठी आहे, आणि अशा नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा व मृत्युनोंदणीची कार्यालये स्वतः हिंडून नावे जुळवतात, कारण गाठ वर्ध्याची आणि उपचार नागपूरचे असे नेहमीच घडते. प्रामुख्याने ग्रामीण असलेल्या जिल्ह्यात असे काम उभे राहणे सोपे नव्हते. याच परिसरातील खेड्यांनी सुगीनंतर ज्वारीच्या रूपात आरोग्यविम्याची वर्गणी भरली होती, हेही इथे आठवावे, कारण माग ठेवण्याला कुटुंबाचा विश्वास लागतो आणि तो इथे आधीच कमावलेला आहे.

शस्त्रक्रियेत काढलेला यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि उरलेला ठोकळा क्रमांक घालून कपाटात ठेवतात. त्या ठोकळ्यात गाठीची जनुके असतात आणि भोवतालच्या यकृतात जन्मजात जनुकेही. जिल्ह्यातील यकृतशस्त्रक्रियेचे रुग्ण थोडे असणार, म्हणून विदर्भातील सर्व केंद्रांनी मिळून, रुग्णाची लेखी संमती घेऊन, हे क्रमांक कर्करोग नोंदणीशी जोडले पाहिजेत. दर सहा महिन्यांनी आरोग्यसेविकेने घरी जाऊन तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रुग्ण हयात आहे का, गाठ परत आली का आणि मृत्यू झाला असल्यास तो गाठीने झाला की यकृत निकामी होऊन. यातील तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ठोकळ्यातील जनुके कितीही नेमकेपणाने वाचली तरी त्यांना जोडायला उत्तरच नसेल.