फ्रीझ म्हणजे नक्की काय थांबवायचं?

शुक्रवारी संध्याकाळी टीमला मेल टाकला, "आजपासून कोड फ्रीझ." सोमवारी येऊन बघतो तर दोन नवीन कमिट! ज्याने केले त्याला विचारलं, तर पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "अरे, बग फिक्सच तर आहेत. फ्रीझ नव्या फीचर्सना ना?" तिकडे टेस्टिंगवाली वैतागलेली. तिच्या लेखी फ्रीझ म्हणजे एक ओळसुद्धा हलता कामा नये. चूक कोणाची? मेल लिहिणाऱ्याची. म्हणजे माझी.

शाळेत आपण घोकलं ते फ्रीझ, फ्रोझ, फ्रोझन. पाणी 0 अंशाला गोठतं, विषय संपला. पण इंग्रजीत एसीखाली कुडकुडणारा माणूसही फ्रीझ होतो, स्क्रीनही होते आणि नोकरभरतीही. आपल्याकडे तूप थिजतं, पाणी गोठतं, माणूस गारठतो आणि कॉम्प्युटर हँग होतो. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं, त्यामुळे घोटाळा कमी. इंग्रजीत सगळा भार एकट्या फ्रीझवर. जावास्क्रिप्टमध्ये तर ऑब्जेक्ट फ्रीझ केलं तरी त्याच्या पोटातलं ऑब्जेक्ट खुशाल बदलता येतं. आमच्या कोड फ्रीझसारखंच :)

पण हाच शब्द हुकूम म्हणून येतो तेव्हा गंमत संपते.

17 ऑक्टोबर 1992. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं बॅटन रूज. योशिहिरो हातोरी हा 16 वर्षांचा जपानी विद्यार्थी मित्राबरोबर हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. पत्ता चुकला, दुसऱ्याच घराची बेल वाजवली. घरमालक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि ओरडला, "फ्रीझ!" मुलगा थांबला नाही, पुढेच येत राहिला. गोळी छातीत लागली आणि तो गेला. 1993 मध्ये ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडलं.

त्या मुलाला शब्द कळलाच नाही, की 'प्लीज' ऐकू आलं, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. खरा दोष बंदुकीचा आणि ती चालवणाऱ्याचा, हे उघड आहे. तरी मला राहून राहून वाटतं, आपणही लहानपणी खेळताना 'स्टॅच्यू!' असंच ओरडायचो. 'फ्रीझ' शिकलो ते पाण्याच्या संदर्भात. त्या अंगणात त्या रात्री मी असतो तर मला तरी कळलं असतं का?

म्हणून माझं मत साधं आहे. समोरच्याची मातृभाषा इंग्रजी नसेल (आणि आपल्या टीममध्ये कोणाचीच नसते), तर हुकूम आलंकारिक शब्दात देऊ नये. काय थांबवायचं, कधीपासून आणि कशाला सूट, हे सरळ लिहावं. तीन ओळी जास्त लागतील, लागू देत.

या शुक्रवारच्या मेलमध्ये मी फ्रीझ हा शब्दच वापरला नाही. लिहिलं, "संध्याकाळी 6 नंतर कोणीही काहीही कमिट करू नये. बग फिक्ससुद्धा नाही."

सोमवारी बघू!